टाकी त्यांची, पाणी सर्वांचे

देशातील पेट्रोलपंपांची संख्या २०२५ च्या अखेरीस एक लाखाच्या घरात गेली. दहा वर्षांपूर्वी ती याच्या जवळपास निम्मी होती. इंधनाचा दर लिटरमागे रुपयाने चढला की विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत त्याची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु या लाखभर पंपांच्या फरशीखाली पुरलेल्या टाक्यांमधून किती इंधन मातीत उतरते आणि मातीतून ते कोणाच्या विहिरीत जाते, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात जवळजवळ विचारलाच जात नाही. कारण साधे आहे. टाकी जमिनीखाली, गळती जमिनीखाली आणि पाणीही जमिनीखाली. जे दिसत नाही त्याची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारी कोणावर येत नाही. भूमिगत टाक्यांच्या आसपासच्या भूजलाची तपासणी नियमित व्हावी, ती टाकीच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसावी आणि तिचे निष्कर्ष पाणी पिणाऱ्यांच्या हाती पडावेत, एवढीच आमची मागणी आहे. ती तांत्रिक वाटली तरी मुळात ती हिशेबाची, म्हणून लोकशाहीची मागणी आहे.

गळती होते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एकेरी भिंतीची पोलादी टाकी ओल्या मातीत वर्षानुवर्षे राहिली की गंजते. टाकीपेक्षाही अधिक वेळा दगा देतात ते नळांचे सांधे. गळतीचा वेग सामान्यतः थेंबाथेंबाचा असतो. त्यामुळे स्फोट होत नाही, आग लागत नाही, धंदा बंद पडत नाही. पंपावर रोज पट्टी बुडवून साठा मोजतात आणि विक्रीशी ताळा घालतात. या हिशेबात तूट दिसली की गळती कळेल, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पेट्रोल उष्णतेने फुगते, थंडीने आकसते, त्याची वाफ होते, मोजणीत चूक होते; म्हणून थोडी तफावत प्रत्येक हिशेबात गृहीत धरावीच लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही सूट महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन इतकी ठरविली आहे. महिन्याला एक लाख लिटर विकणाऱ्या पंपाला हे माप लावले, तर सुमारे दीड हजार लिटरपर्यंतची तूट संशयास्पद ठरतच नाही. म्हणजे रोज पन्नास लिटर इंधन मातीत जात असले तरी वहीतील हिशेब बिनचूकच राहतो. म्हणूनच त्या देशात केवळ साठ्याच्या हिशेबावर विसंबण्यास परवानगी नाही. टाकीची घट्टपणाची चाचणीही घ्यावी लागते, आणि हा जोडमार्गही नव्या टाकीच्या पहिल्या दहा वर्षांपुरताच मान्य आहे.

या थेंबांचे मोल किती, याचा अंदाज येण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन एक टक्क्यापर्यंत असू शकते. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का, म्हणजे दहा मिलिलिटर, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम बेन्झीन येते. ते सर्वच्या सर्व पाण्यात उतरले असे धरले, तर साडेआठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास ते पुरेसे आहे. प्रत्यक्षात काही भाग वाफेने उडून जातो, काही मातीतील जंतू खाऊन टाकतात; तथापि एका लिटरचा पल्ला कुठवर जाऊ शकतो, हे यावरून कळते.

पाण्याला वास आला तर आम्ही पिणारच नाही, असे लोक म्हणतात. हा भरवसा फसवा आहे. पाण्यातील बेन्झीनचा स्वतःचा वास माणसाच्या नाकाला कळू लागतो तो लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या हजारपट प्रमाणात. इंधनातील इतर द्रव्यांचा वास कधी कधी आधी येतो, पण तो येईलच याची हमी नाही. तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून बेन्झीन जात नाही. गावपातळीवर पाणी तपासण्याचे जे संच दिले जातात, ते नायट्रेट, फ्लोराइड, क्षार आणि जंतू यांसाठी आहेत. पेट्रोलचा अंश शोधण्यासाठी प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात खनिज तेलाची कमाल मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. बेन्झीनच्या वर सांगितलेल्या मर्यादेच्या ती पन्नासपट होते. तेव्हा खनिज तेलाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले पाणी बेन्झीनच्या बाबतीत निर्दोष असेलच, असे मानता येत नाही. कोणती चाचणी केली हे सांगितल्याखेरीज ‘पाणी पिण्यास योग्य’ या शेऱ्याला अर्थ नाही.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव आपण बारकाईने पाहावा असा आहे. मोटारगाडीवर उभा राहिलेला तो समाज. टाक्यांची किंमत त्याने आपल्याआधी मोजली. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला, १९८६ साली गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून गळतीच्या निस्तरणीसाठी निधी उभारला, आणि १९८८ साली नियम करून जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा काढून टाकण्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. तपासणी सुरू झाली तेव्हाच रोगाचा आवाका कळला. तेव्हापासून आजवर तेथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांची निस्तरणी झाली, पण हजारो ठिकाणी ती अजून बाकी आहे. त्या देशाच्या टाक्या आपल्यापेक्षा निकृष्ट होत्या असे मानण्यास काहीही आधार नाही. तेथे शोधले म्हणून सापडले.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराची हकिकत तर प्रत्येक नगरसेवकाने वाचावी अशी आहे. पेट्रोलमधील शिसे कमी करण्यासाठी आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून त्या देशात एमटीबीई नावाचे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. हेतू चांगला होता. परंतु हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते, मातीला चिकटून राहत नाही आणि लवकर नाशही पावत नाही. टाकीतून गळले की भूजलाबरोबर ते दूरवर जाते. १९९६ साली सांता मोनिकाला आपल्या पाण्याचा सुमारे निम्मा भाग पुरविणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणी बाहेरून विकत घ्यावे लागले. २००३ साली बड्या तेल कंपन्यांशी तडजोड झाली. शुद्धीकरणाची यंत्रणा उभी राहून मुख्य विहिरींचे पाणी पुन्हा शहराला मिळू लागेपर्यंत २०१० साल संपत आले. ज्या शहराकडे वकील होते, प्रयोगशाळा होत्या आणि पाणी विकत घेण्यास पैसा होता, त्याची चौदा वर्षे गेली. हमरस्त्यालगतच्या एखाद्या वाडीची किती जातील, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा अनुभव आपल्याला आज लागू पडतो तो आणखी एका कारणाने. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. २०२५ साली हे उद्दिष्ट गाठले गेले. महाराष्ट्रातील ऊसउत्पादकाला यातून आधार मिळाला असेल तर त्याचे आम्हाला समाधानच आहे. परंतु टाकीच्या बाजूने पाहिले तर इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या टाक्यांतील काही जोडण्या व लेप त्याला टिकतीलच असे नाही. मातीत उतरल्यावर जंतू आधी इथेनॉल खातात, त्यात तेथील प्राणवायू संपतो आणि बेन्झीनचे विघटन लांबते; परिणामी बेन्झीन अधिक दूर पोहोचू शकते. म्हणूनच अमेरिकेने २०१५ च्या सुधारित नियमांत दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले इंधन साठविण्यापूर्वी टाकी त्याला योग्य असल्याचा पुरावा मागितला. आपल्याकडे मिश्रणाचे प्रमाण वाढविण्याचा उत्साह जेवढा दिसला, तेवढा जमिनीखालच्या टाक्यांचे वय जाहीर करण्याचा दिसला नाही.

कायदे आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे. त्याखालील परवाने ज्या संघटनेकडून मिळतात तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परंतु त्या कायद्याची मूळ चिंता आग आणि स्फोट यांची आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा प्रदूषण मंडळांच्या हाती आहेत. भूजलाची पातळी व गुणवत्ता पाहण्यासाठी राज्यात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा काम करते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये व निवासी वस्ती यांपासून पन्नास मीटर अंतर ठेवण्याची सूचना त्यांत आहे आणि गळती रोखण्याविषयीही तरतुदी आहेत. म्हणजे टाकी एका खात्याची, प्रदूषण दुसऱ्याचे आणि पाणी तिसऱ्याचे. ज्या इंचभर जागेत टाकी, प्रदूषण आणि पाणी एकत्र येतात, त्या जागेचा धनी मात्र कोणी नाही.

याचा परिणाम काय होतो? चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली रहिवाशांच्या विंधण विहिरींतून तेल येऊ लागले, तेव्हा भूमिगत वाहिनीची गळती उघडकीस आली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. गोव्यात दाबोळीजवळच्या माटवे भागात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विहिरींच्या पाण्यात पेट्रोलजन्य इंधन आढळले आणि भूमिगत वाहिनीवर संशय गेला. ही दोन्ही उदाहरणे टाक्यांची नसून वाहिन्यांची आहेत, हे खरे. परंतु त्यांतील समान धागा महत्त्वाचा आहे. गळतीची पहिली वर्दी दिली ती माणसांच्या पिण्याच्या पाण्याने. निरीक्षण विहीर म्हणून जिचा उपयोग झाला ती कोणाच्या तरी परसातली विहीर होती, आणि मोजमापाचे साधन म्हणून वापरले गेले ते तेथील रहिवाशांचे नाक.

महाराष्ट्रात तर हे काम अधिक काळजीने करावे लागेल. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. वरचा मुरमाचा थर आणि खडकातील भेगा यांतून ते वाट काढते. अमेरिकी नियमांत निरीक्षण विहिरींची पद्धत मान्य करताना भूजल वीस फुटांपेक्षा खोल नसावे आणि मधली माती सहज पाझरणारी असावी, अशा अटी आहेत. पाण्यावर तरंगणारा एक अष्टमांश इंच जाडीचा इंधनाचा थर ओळखता आला पाहिजे, अशीही अट आहे. आपल्या भेगाळ खडकात टाकीशेजारी एक भोक पाडून ते कोरडे वा स्वच्छ निघाले म्हणून निश्चिंत होता येणार नाही. गळती दुसऱ्याच भेगेने शेजारच्या बोअरमध्ये गेलेली असू शकते. शिवाय पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते आणि तरंगणारे इंधन तिच्याबरोबर मातीत वरखाली माखले जाते. म्हणून एकाच ऋतूत घेतलेला एकच नमुना पुरेसा नाही. टाकीशेजारच्या निरीक्षण विहिरीबरोबरच भूजलाच्या उताराकडील वापरातल्या विहिरी व बोअर यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर घेतले गेले पाहिजेत. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरून बर्फात ठेवावा लागतो. प्लॅस्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून बेन्झीन प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच उडून जाते, आणि अहवाल स्वच्छ येतो.

आता अर्थशास्त्राची बाजू. उत्पादकाच्या खर्चात न मोजला जाणारा आणि तिऱ्हाइताच्या माथी बसणारा खर्च ही कल्पना पिगू यांनी १९२० सालीच मांडली होती. कॅप यांनी १९५० साली पुढे जाऊन दाखविले की, असा खर्च समाजावर ढकलणे हा खासगी उद्योगाचा अपघात नसून त्याच्या नफ्याचा नेहमीचा भाग असतो. गळक्या टाकीचे उदाहरण या विचाराला तंतोतंत लागू पडते. टाकी वेळेवर न बदलल्याने वाचलेला पैसा हिशेबात दिसतो. शेजारच्या बोअरचे पाणी गेल्याने टँकरवर झालेला खर्च, रुग्णालयाचे बिल आणि बुडालेली मजुरी मात्र कोणाच्याच वहीत दिसत नाही. पाणी तपासणे म्हणजे हा लपलेला खर्च वहीत आणणे.

येथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्याकडील बहुसंख्य पंप सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांचे आहेत. १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा शेल सरकारने ताब्यात घेतली, त्या निर्णयांचे समाजवाद्यांनी समर्थन केले आणि ते योग्यच होते. परंतु मालकी सार्वजनिक झाली म्हणून पोलाद गंजायचे थांबत नाही. सार्वजनिक उद्योग लोकांचा आहे याची खूण ताळेबंदातील भागभांडवलात शोधून भागत नाही. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देतो की नाही, यावर ती ठरते. आज नफेखोरीसाठी या कंपन्या विकावयास निघालेल्यांना विरोध करण्याचा नैतिक अधिकार टिकवावयाचा असेल, तर त्यांच्या टाक्यांखालचे पाणी तपासण्याची मागणी सर्वांत आधी आपल्याकडूनच गेली पाहिजे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान विक्रेता हा भार कसा पेलणार, असे विचारले जाईल. तो त्याच्यावर टाकण्याचे कारणच नाही. २०२३-२४ साली देशात सुमारे ३.७ कोटी टन पेट्रोल आणि नऊ कोटी टनांच्या आसपास डिझेल खपले. लिटरमध्ये हे पंधरा हजार कोटींहून अधिक भरते. कंपन्यांच्या मिळकतीतून लिटरमागे एक पैसा बाजूला काढला तरी वर्षाला दीडशे कोटी रुपये उभे राहतात, म्हणजे पंपामागे पंधरा हजार. लिटरमागे पाच पैसे घेतले तर पंपामागे पंचाहत्तर हजार. एवढ्यात पाण्याचे नमुने नियमित तपासता येतील आणि जुन्या टाक्या बदलण्याचा आरंभही करता येईल. जो देश लिटरमागे रुपयांनी कर घेतो, त्याला पाच पैसे जड नसावेत.

पाणी बिघडल्यावर न्यायालयात जाता येतेच, असेही कोणी म्हणेल. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व ठामपणे सांगितले. निकाल ऐतिहासिक होता. पण रक्कम वसूल होईना म्हणून २०११ साली त्याच न्यायालयाला पुन्हा सदतीस कोटींहून अधिक रकमेचा, व्याजासह आदेश द्यावा लागला. तत्त्व जिंकले तरी विहीर पंधरा वर्षे तशीच राहिली. नासलेले भूजल पूर्ववत करणे हे गळती वेळेवर पकडण्यापेक्षा कितीतरी महाग आणि संथ काम आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक पंपावरील टाक्यांची संख्या, बसविल्याचे वर्ष, भिंत एकेरी की दुहेरी आणि शेवटची चाचणी केव्हा झाली, याची जाहीर नोंदवही असावी. ठरावीक वयापुढच्या एकेरी टाक्या मुदत घालून काढाव्यात. निरीक्षण विहिरींचे नमुने राज्याच्या भूजल यंत्रणेने घ्यावेत, बेन्झीनसह तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या वा प्रभागाच्या फलकावर लावावेत. ज्यांचे पाणी बिघडले त्यांना, दोष कोणाचा हा वाद मिटेपर्यंत न थांबता, त्याच निधीतून पर्यायी पाणी मिळावे. गळतीची खबर देणाऱ्या पंपावरील कामगाराला संरक्षण असावे. साठा मोजणारा तोच असतो, तूट सर्वांत आधी त्यालाच कळते आणि वाफाही सर्वांत अधिक त्याच्याच छातीत जातात.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले आहेत. त्यांनुसार स्थानिक संस्थेने वा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळ कळविले की राज्य प्रदूषण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पंपांची आणि त्यांच्या आसपासच्या पिण्याच्या विहिरी व बोअर यांची यादी करावी. टाक्यांचे वय व चाचण्या यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. पाण्याला वास वा तवंग असल्याची तक्रार कोठे असेल तर ग्रामसभेत ठराव करून तो लेखी पाठवावा आणि नव्वद दिवस मोजावेत. विक्रेत्याशी भांडण काढू नये. तो बहुधा कंपनीच्याच टाकीचा राखणदार असतो.

या कामात मोर्चाचा जोश नाही, वृत्तपत्रात छायाचित्रही येणार नाही. वह्या, बाटल्या, अर्ज आणि पाठपुरावा एवढेच त्यात आहे. परंतु रस्त्यालगतच्या वस्तीतील जी बाई रोज सकाळी बोअरच्या नळाखाली हंडा लावते, तिला त्या पाण्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क आहे, आणि तिच्या वतीने तो प्रश्न लेखी विचारणे हे आपले काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान पहिल्या याद्या तयार व्हाव्यात.